विमा नाही आणि शुगर निघाली: आत्याच्या उपचारांचं पहिलं वर्ष

जून २०२४ मध्ये आत्याची उपाशीपोटीची साखर २१४ आली आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.८. वय ५६, साड्यांना फॉल-पिको करून होईल ती कमाई, आरोग्य विमा नाही. राहणं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. त्या जूनपासून पुढच्या जूनपर्यंत तिच्या तपासण्या, गोळ्या आणि पुढे इन्शुलिन हे सगळं परवडेल असं कसं बसवलं, ते क्रमाने लिहिते आहे. डोस आत्याच्या डॉक्टरांनी ठरवलेले आहेत. ते कुणी उचलू नयेत, वाट तेवढी घ्यावी.

निदान झालं त्या आठवड्यात पहिला सल्ला मिळाला तो "आधी विमा काढा" हा. चौकशी केल्यावर कळलं की नेहमीच्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने तो जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला, पण तीन वर्षं म्हणजेसुद्धा मोठा काळ. शिवाय बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. दर महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांची रक्ततपासणी, डॉक्टरांची फी हे सगळं बाहेरच राहतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि भरतीसाठी. ओपीडी त्यात येत नाही. योजनेचं कार्ड मात्र आम्ही त्याच महिन्यात आधार आणि रेशनकार्ड देऊन काढून ठेवलं. पायाची जखम चिघळली, साखर एकदम चढून भरती करावं लागलं, तर त्या क्षणी कार्डासाठी धावपळ नको. म्हणजे रोजच्या मधुमेहाचा खर्च विमा असता तरी आपल्यालाच करायचा होता. हे एकदा समजल्यावर रुखरुख गेली आणि हिशेबाला बसता आलं.

पहिली चिठ्ठी खाजगी डॉक्टरांची होती. शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी दोन वेळा आणि सिटाग्लिप्टिन १०० सकाळी, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन १०, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, वर एक मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूल आणि प्रोटीन पावडरचा डबा. महिन्याचं बिल अडीच हजारांच्या आसपास. आत्याने पहिल्या महिन्यात सगळं आणलं, दुसऱ्या महिन्यात तिने मेडिकलवाल्याला "निम्म्याच गोळ्या द्या" म्हटलं आणि एक दिवसाआड खायला लागली. न परवडणाऱ्या चिठ्ठीचं घरोघरी हेच होतं. औषध कुणी ठरवून बंद करत नाही, ते विरळ होत जातं, आणि डॉक्टरांना वाटतं की गोळ्या लागू पडत नाहीत. म्हणून ते आणखी एक वाढवतात. तेव्हा परवडत नसेल तर ते पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जुलैच्या भेटीत आम्ही दोन प्रश्न लिहून नेले. यातलं कोणतं औषध कायम लागणार आणि कोणतं थोडे दिवस? आणि प्रत्येक औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), ताकद आणि वेळ वेगवेगळी लिहून द्याल का? डॉक्टरांनी कॅप्सूल आणि पावडर लगेच खोडली. राहिली ती औषधं मूळ नावाने, सुवाच्य अक्षरात लिहून दिली. एकत्र गोळीऐवजी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम वेगळी आणि मेटफॉर्मिन ५०० वेगळी केली. त्याचा फायदा पुढे कळला. एकत्र गोळीतलं एक औषध कमी-जास्त करायचं झालं की अख्खी गोळी बदलावी लागते. सुट्या गोळ्या सगळीकडे मिळतात, आणि सरकारी दवाखान्यातही त्याच असतात.

मग जनऔषधी केंद्र, म्हणजे मूळ नावाची स्वस्त औषधं विकणारं सरकारी योजनेचं दुकान. 'जनऔषधी सुगम' नावाचं सरकारी अ‍ॅप आहे. त्यात औषधाचं मूळ नाव टाकलं की किंमत दिसते आणि जवळचं केंद्रही. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी ते जनऔषधीत आलं, ते ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आणि १०० च्या दहा गोळ्या १०० रुपयांना. ब्रँडचं पाकीट तेव्हा याच्यापेक्षा पुष्कळ महाग होतं. मेटफॉर्मिन ५०० ची स्ट्रिप दहा रुपयांच्या आसपास. अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि टेल्मिसार्टनही किरकोळ. सगळं मिळून महिन्याचा औषधखर्च साडेचारशे-पाचशेवर आला.

जनऔषधीबद्दल दोन शंका प्रत्येक जण विचारतो. पहिली दर्जाची. योजनेच्या नियमानुसार माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (औषध बनवण्याच्या चांगल्या पद्धतीचं) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून घेतात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून मग केंद्रात जाते. दुसरी शंका, "गोळी बदलली, आता साखर वाढली तर?" त्यावर उपाय साधा आहे. बदलण्याआधीच्या आठवड्यात दोन-तीन वेळा आणि बदलल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा, त्याच वेळेला साखर मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. आत्याचे आकडे जागच्या जागी राहिले, तेव्हा तिचा विश्वास बसला. आम्ही बोलून बसला नव्हता.

खरा धोका दुसराच आहे. घरात ब्रँडच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि त्यावर जनऔषधीच्या नव्या येतात. नाव वेगळं, पाकीट वेगळं, औषध तेच. वयस्कर माणूस दोन्ही खातो. मेटफॉर्मिन दुप्पट गेलं तर पोट बिघडेल, पण ग्लिमेपिराइड दुप्पट गेलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. नवीन गोळ्या घरात आल्या त्याच दिवशी जुन्या एका पिशवीत बांधून बाजूला ठेवायच्या. शिवाय जनऔषधीच्या स्ट्रिप एकमेकींसारख्या दिसतात आणि अक्षर बारीक. आम्ही प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने मराठीत लिहिलं, "शुगर, नाश्त्याआधी", "शुगर, जेवताना", "बीपी, सकाळी", "रात्री झोपताना". आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. तिच्यासाठी सगळ्यात कामाला आलेली गोष्ट हीच.

ऑगस्टमध्ये ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता धरला. आत्या जायला तयार नव्हती. रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर काय, असं तिचं म्हणणं. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी आणि औषध मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे पैसे पडतात, तरी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. मुंबईत राहणाऱ्यांना महापालिकेचा 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडा मिळतो. मजुरी बुडवून सकाळच्या रांगेत उभं राहणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

ग्रामीण रुग्णालयात थेट ओपीडीच्या मोठ्या रांगेत न थांबता 'एनसीडी' कक्ष कुठे आहे ते विचारायचं. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून चालणारी ही खोली असते, आणि तीस वर्षांपुढच्या कुणालाही मधुमेह, बीपीसाठी तिथे नोंद करता येते. आधी केसपेपर, मग या खोलीत सिस्टरकडे नोंद. त्यात आधार, मोबाईल नंबर, उंची, वजन, कंबरेचा घेर, बीपी आणि बोटातून साखर. त्यानंतर डॉक्टर, त्यानंतर औषधाची खिडकी. नोंदीनंतर एक कार्ड मिळतं. ते जपायचं, कारण पुढच्या वेळी त्यावरच औषध मिळतं. गावात राहणाऱ्यांकडे आशाताई एक फॉर्म भरायला येतात. त्यात तंबाखू, कंबर, घरात कुणाला शुगर आहे का, असे प्रश्न असतात. तो टाळू नये. त्यावरूनच तपासणीसाठी पुढे पाठवतात. साखर स्थिर झाली की औषध उपकेंद्रातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरातही मिळू शकतं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आत्याच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर निघालं.

खिडकीवर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मिळाली. सिटाग्लिप्टिन नव्हतं, ते जनऔषधीतून चालू राहिलं. इथे एक बारकावा आहे. खाजगी चिठ्ठीवर मेटफॉर्मिनपुढे 'एसआर' लिहिलेलं होतं, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. सरकारी साठ्यात साधी होती. दोन्हींत मात्रा तीच असली तरी साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा जेवणाबरोबरच विभागून घ्यावी लागते, उपाशीपोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब होतात. त्यामुळे बदल करताना डॉक्टरांकडून वेळा नव्याने लिहून घ्यायच्या. आणि एसआर गोळी कधी चुरून, अर्धी करून खायची नाही. तिचं रिकामं कवच कधीकधी शौचात दिसतं. औषध अंगाला लागलेलं असतं, घाबरायचं कारण नसतं.

तपासण्यांसाठी सरकारी रुग्णालयात रक्त घेऊन 'महालॅब' नावाच्या प्रयोगशाळेकडे पाठवतात, पैसे लागत नाहीत. कोणत्या तपासण्या होतात ते दवाखान्याच्या स्तरावर अवलंबून असतं. प्राथमिक केंद्रात यादी लहान, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात मोठी. नमुने सकाळी ठरावीक वेळेपर्यंतच घेतात. त्यामुळे उपाशीपोटीच्या तपासणीला गेलं की केसपेपरच्या रांगेत वेळ जातो आणि भूक लागते. आत्या डबा घेऊन जायची. सकाळची ग्लिमेपिराइड घरून खाऊन निघायचं नाही, बरोबर न्यायची. रक्त दिलं की गोळी, मग डब्यातली पोळी-भाजी, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. जेवण संपल्यापासून मोजलं तर आकडा चुकतो. "तपासणी आहे" म्हणून गोळी टाळणं किंवा फक्त दोन बिस्किटं खाणं हेही चूक. रोजचं जेवण, रोजचं औषध, तरच त्या आकड्याला अर्थ. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही. पण बाईमाणसाच्या अंगात रक्त कमी असेल तर आधी हिमोग्लोबिन बघून घ्यायला सांगावं. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. आत्याचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं. आधी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढचा आकडा वाचताना डॉक्टरांनी ते धरलं.

सप्टेंबरात खिडकीवर ग्लिमेपिराइड संपलं. "पुढच्या आठवड्यात या" असं सांगितलं, पुढच्या आठवड्यातही नव्हतं. आत्या नुसत्या मेटफॉर्मिनवर थांबून राहिली, कारण फुकट मिळणारी गोळी विकत घ्यायला तिचा हात होईना. गणपतीचे दिवस, घरात मोदक, आणि ऑक्टोबरात एचबीएवनसी ९.१. सरकारी औषधावर अवलंबून असणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं, आणि मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचं आहे ते याबद्दलच. खंड पडू द्यायचा नाही. ग्लिमेपिराइडची स्ट्रिप जनऔषधीत किंवा साध्या मेडिकलमध्येही इतकी स्वस्त आहे की महिना बाहेरून घेतलं तरी रिक्षाच्या एका फेरीपेक्षा जास्त पैसे जात नाहीत. त्यानंतर आम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवायचा नियम केला. खिडकीवर मिळाल्या तर साठा पुढे सरकतो, नाही मिळाल्या तर बाहेरून घ्यायला दोन आठवडे हातात असतात. जनऔषधीतही एखादं औषध नसतं. तेव्हा साध्या मेडिकलमध्ये "याच औषधाचा सगळ्यात स्वस्त ब्रँड कोणता?" असं विचारायचं. शुगरच्या इतर गोळ्यांपैकी व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ मध्ये संपलं, लिनाग्लिप्टिनचं २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर प्रत्येकाच्या किमती कोसळल्या, पण मूळ कंपनीचा महाग ब्रँड दुकानात शेजारीच असतो. जुन्या चिठ्ठीवर तोच चालू राहिला तर फरक कुणी आपणहून सांगत नाही.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी रात्रीचं इन्शुलिन सुरू करायचं ठरवलं. आत्या दोन दिवस रडली. इन्शुलिन म्हणजे आता शेवट, हा समज घट्ट आहे. पैशाचीही भीती होती, कारण शेजारच्या काकांचं पेन महिन्याला हजारांत जातं हे तिने ऐकलं होतं. पण साधं मानवी इन्शुलिन बाटलीत मिळतं. दहा मिलीच्या बाटलीत ४०० युनिट, किंमत दीडशे-दोनशेच्या घरात, आणि सरकारी रुग्णालयात साठा असेल तर मोफत. आत्याला रात्री झोपताना एनपीएच (हळूहळू, बराच वेळ काम करणारं इन्शुलिन) ८ युनिट सुरू केलं आणि सकाळची साखर बघत डॉक्टरांनी ते हळूहळू १२ वर नेलं. बारा युनिटांनी चार आठवड्यांत ३३६ लागतात. एक बाटली महिना पुरते.

आता नीट वाचा, कारण इथली गफलत जिवावर बेतू शकते. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक '४० आययू' असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनमधलं '१०० आययू'. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आत्याला एका दुकानात ४० ची बाटली दिली आणि तिच्याबरोबर नारिंगी टोपणाच्या सिरिंज. दोन्ही टोपणं शेजारी धरल्याशिवाय रंगातला फरक कळत नाही. त्या सिरिंजवर बाराच्या खुणेपर्यंत ओढलं तर ०.१२ मिली येतं, म्हणजे पाच युनिटांपेक्षाही कमी. साखर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत जातात. उलटं झालं, पेनच्या काडतुसातलं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर बारा ऐवजी तीस युनिट अंगात जातील. माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून वाचायचा, दर खरेदीला, मगच पैसे द्यायचे. आम्ही सिरिंज बदलून घेतल्या.

टोचायची पद्धत सिस्टरने शिकवली ती अशी. हात धुवायचे. एनपीएच किंवा ३०/७० (मिश्र) इन्शुलिन बाटलीत तळाला बसतं, म्हणून ती दोन तळहातांत वीसेक वेळा हळूच फिरवायची, एकसारखी दुधाळ दिसेपर्यंत. जोरात हलवायची नाही, फेस होतो. गाठी किंवा कण दिसले तर ती बाटली वापरायची नाही. जेवढे युनिट काढायचे तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी करून ओढायचं, बुडबुडे टिचकी मारून वर घालवायचे. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून पोटावर, रोज जागा बदलत. एकाच जागी टोचलं की तिथे गाठ होते आणि इन्शुलिन नीट शोषलं जात नाही. टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्यायच्या, घंटागाडीत टाकायच्या नाहीत.

न उघडलेली बाटली फ्रिजच्या कप्प्यात, पण बर्फाच्या खणाला चिकटून नाही. एकदा गोठलं की ते गेलं. चालू बाटली थंड, सावलीच्या जागी चार आठवडे राहते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची. आत्याकडे फ्रिज आहे पण उन्हाळ्यात वीज तास-तास जाते. एप्रिलपासून तिने चालू बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून मातीच्या ओल्या भांड्यात ठेवली. एक लहान मडकं मोठ्या मडक्यात, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. फ्रिज नसलेल्या घरांत हीच पद्धत चालते.

घरी साखर मोजायचं यंत्र घेताना यंत्राची किंमत बघू नका, पट्टीची बघा. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, कधी कधी ते पट्ट्यांबरोबर फुकटही मिळतं, पण पट्टी कंपनीनुसार दहा रुपयांपासून पंचवीसपर्यंत पडते आणि दुसऱ्या यंत्रात चालत नाही. डबी उघडल्यावर पट्ट्या किती महिन्यांत संपवायच्या ते तिच्यावर लिहिलेलं असतं. झाकण सैल राहिलं तर कोकणातल्या, पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याआधीच बिघडतात. फळ कापल्यावर हात न धुता मोजलं तर बोटावरच्या साखरेनेच आकडा वर जातो. डोस बसेपर्यंत आत्याने रोज सकाळी मोजलं. नंतर आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर. त्यापेक्षा जास्त मोजून पट्ट्या संपवण्यात तिच्या बाबतीत काही हशील नव्हतं. मात्र अंगाला घाम, थरथर, जीभ अडखळणं असं काही झालं की लगेच मोजायचं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा पेढा नाही, त्यातल्या स्निग्धांशाने साखर चढायला उशीर लागतो. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

उपवासाचं वेगळं सांगते. आत्याची संकष्टी आणि एकादशी चुकत नाही. डॉक्टरांना ते आधी सांगितलेलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइड घेतलं तर दुपारी साखर पडते, आणि रात्री साबुदाण्याच्या खिचडीने तीनशेच्या वर जाते. दोन्ही एकाच दिवसात. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी सोडायची, इन्शुलिन किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घेतलं. साबुदाण्याऐवजी वरई थोडी, दाण्याची आमटी, ताक. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी तर महिनाभर आधी जाऊन वेळापत्रक नव्याने आखून घ्यावं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एचबीएवनसी ७.९ आलं आणि त्याच महिन्यात वर्षातून एकदा करायच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयात केल्या. गोळ्यांमध्ये वाचलेला पैसा जायचा तो इथेच, कारण डोळा, मूत्रपिंड आणि पाय हे तिन्ही दुखल्याशिवाय खराब होतात. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा बघतात. त्यानंतर चार-सहा तास धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. काळा चष्मा आणि बरोबर एक माणूस हवाच, एसटीने एकट्याने परत यायचं नाही. आत्याच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल दिसले. लेसर नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं सांगितलं. मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. साध्या लघवी तपासणीत सुरुवातीचं अल्ब्युमिन निसटतं, म्हणून हीच तपासणी मागायची. ती तिथे होत नव्हती. सगळ्या वर्षात खाजगी लॅबला पैसे दिले ते प्रामुख्याने हिच्यासाठी. किंमत आधी दोन-तीन लॅबना फोन करून विचारावी, त्याच तपासणीत दुपटीचा फरक सापडतो. क्रिएटिनिनवरून निघणारा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज, ४५ च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन कमी करावं लागतं, ३० च्या खाली बंद. पायांची तपासणी एका नायलॉनच्या धाग्याने होते. तळव्याला तो टेकवतात आणि डोळे मिटून कळतं का ते सांगायचं. रुग्णालयात कुणी आपणहून केली नाही, मागितल्यावर केली. मागा.

मोठ्या खाजगी धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली, तर तयारी आधी करून ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१अअ कलमाखाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. दाखला सेतू केंद्रातून, तलाठ्याचा अहवाल, आधार, रेशनकार्ड आणि स्वयंघोषणापत्र देऊन निघतो. तलाठी गावात कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जा, नाहीतर फेरी वाया जाते. रुग्णालयात बिलाच्या खिडकीवर नाही, वैद्यकीय समाजसेवकाकडे जायचं, आणि तेही भरती होतानाच. बिल तयार झाल्यावर सवलत मिळवणं फार कठीण जातं.

जून २०२५ मध्ये आत्याचं एचबीएवनसी ७.३ आलं. महिन्याचा खर्च सरासरी पाचशे ते सहाशे. त्यात सिटाग्लिप्टिन, पट्ट्या, सिरिंज आणि इन्शुलिन खिडकीवर नसेल त्या महिन्यात एक बाटली. पाच वर्षं मेटफॉर्मिन झालं की बी-१२ बघायचं आहे, वहीत लिहून ठेवलं आहे. वहीत आणखी तारखा आहेत. ऑगस्टमध्ये डोळे, सप्टेंबरात एचबीएवनसी. दिवाळीत रुग्णालयाची ओपीडी आणि जनऔषधीचं दुकान दोन्ही सलग बंद असतात, तेव्हा त्याआधी महिनाभराच्या गोळ्या, एक जादा बाटली आणि लाल टोपणाच्या सिरिंज घरात आणून ठेवायच्या.